बरगडी आणि बदलीचा अर्ज

तो उलट्या पावलांनी आमच्या धुलाईघराच्या दारातून आत आला. दोन्ही हातांत इस्पितळाच्या चादरींचं गाठोडं होतं, दार ढकलायला पाठ तेवढी मोकळी होती. आणि नेमकी त्याच घडीला माझ्या डाव्या बरगडीत चमक भरली.

ओली चादर पिळायला दोन माणसं लागतात. समोरासमोर उभं राहायचं, एकानं इकडे पीळ द्यायचा, दुसऱ्यानं उलट बाजूला. पण सकाळी माझं मावशीशी वाजलं होतं, आणि वाजलं की मी मदत मागत नाही. दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि कमरेतून अख्खं अंग वळवून एकटीच पिळत सुटले. अकरा झाल्या. बाराव्या चादरीला काखेखाली असं काही ओढलं गेलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"काय झालं हो?" गाठोड्यामागून आवाज आला.

"काही नाही. तिथं ठेवा आणि निघा."

"मग श्वास का रोखलाय?"

"माझा श्वास आहे, रोखीन नाहीतर सोडीन!"

एवढं बोलले आणि अशी कळ आली की गजालाच लोंबकळले.

तो इस्पितळात मलमपट्टी करायचा. चादरी आणणारा नेहमीचा माणूस रजेवर, म्हणून याला पिटाळलेलं. उंच, सडपातळ, कानाच्या पाळ्या लाल. मला म्हणतो कसा, आधी डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, "आणि चादरी कोण धुणार, तुमचे डॉक्टर?"

"नाही. पण बरगडी मोडली असेल तर... तुम्हीही नाही."

असल्या माणसांचा मला भारी संताप येतो. ओरडत नाहीत आणि जागचे हलतही नाहीत.

गेले शेवटी. डॉक्टरांनी दाबून बघितलं, छातीला नळी लावून ऐकलं. हाड शाबूत आहे म्हणाले, दोन बरगड्यांमधला स्नायू ताणलाय. काही आठवडे जड उचलायचं नाही, पिळायचं नाही. ताप आला, धाप लागली किंवा दुखणं हाताकडे, जबड्याकडे सरकलं, तर मात्र तडक यायचं.

घरी आल्यावर मावशीनं जुनी चादर फाडून पट्ट्या काढल्या आणि माझी छाती करकचून आवळली. मलाही पटलं. जन्म गाठोडी बांधण्यात गेलेला; घट्ट बांधलेलं सुटत नाही, एवढंच आम्हाला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी धुतलेल्या चादरी न्यायला तो आला आणि मला बघून त्यानं कपाळावर हात मारला.

"हे कुणी बांधलं?"

"मी!" मावशी ताठ्यात म्हणाली.

"सोडा आधी. आवळलं की श्वास वरच्या वर होतो. छातीत कफ साचतो, खोकला धरतो, ताप येतो. मग बसा रडत."

"आमच्याकडे कुणी रडत नाही," मी म्हटलं. आणि पडद्यामागे पट्ट्या सुटल्या तेव्हा इतकं मोकळं वाटलं की... जाऊ दे.

मग त्याचे हुकूम सुरू झाले. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळून बर्फ, नंतर कोमट शेक. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. दिवसभर लोळायचं नाही, थोडं थोडं चालायचं. आणि दर तासाला दहा खोल श्वास.

"दहा मोजता येतात ना?"

"रोज दोनशे चादरी मोजते मी!"

"मग मोजा. एक... दोन... अं हं, हा अर्धाच झाला. पुन्हा."

"तुम्ही असे टक लावून बसलात तर पुरा श्वास येणार कुठून?"

त्याच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. माझंही तोंड तापलं असावं, पण मी ओल्या फडक्यानं पुसून घेतलं.

रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तो यायला लागला. मावशीसमोर उभा राहून चादरी पिळायचा. आणि काय पिळायचा! मावशी जिकडे पीळ देई, हाही तिकडेच. चादर नुसती गरगर फिरायची.

"अहो, हातांकडे बघा!" मी स्टुलावरून ओरडायची. "माझ्याकडे काय बघताय?"

"तुम्ही श्वास घेताय का ते बघतोय."

"घेतेय! जिवंत आहे मी!"

"ते तर रस्त्यापर्यंत ऐकू येतंय," मावशी म्हणायची.

निघताना त्याचा एकच प्रश्न. "दुखणं दहापैकी किती?" सात असलं तरी मी दोन सांगायची. दुखतंय म्हणून कबूल करायची आमच्यात पद्धत नव्हती. पाचव्या आठवड्यात त्यानं विचारलं, तेव्हा दोन होतं. मी म्हटलं, "शून्य."

"शून्य?"

"शून्य. आता तुमची काही गरज नाही."

त्यानं दारात चपला चढवल्या. "बरं झालं..." एवढंच म्हणाला.

चार दिवस फिरकला नाही. पाचव्या दिवशी नेहमीचा माणूस गाठोडं टाकता टाकता म्हणाला, "तो मलमपट्टीवाला चाललाय की. लांबच्या इस्पितळात बदली. इतके दिवस नको नको म्हणत होता, परवा स्वतःच अर्ज दिला. आज साहेबांची सही व्हायची."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. "शून्य म्हणालीस ना? बस आता शून्य कवटाळून."

मी चप्पल शोधायलाही थांबले नाही, मावशीचीच घातली. इस्पितळाच्या ओट्यावर पोचले तेव्हा जोराची धाप लागली होती. मला बघून त्यानं हातातला ट्रे तसाच कुणाच्या तरी मांडीवर ठेवला.

"बसा. धाप कधीपासून? ताप आहे? हात दुखतोय?"

"अहो... धावत आलेय मी! धावल्यावर लागते तीच ही धाप!"

"धावलात? या बरगडीनं? कशासाठी?"

"शून्य नव्हतं. खोटं बोलले."

"मग किती होतं?"

"ते मरू द्या! अर्ज कुठाय?"

अर्ज हेडक्लार्कांच्या टेबलावर होता, सहीला जाणाऱ्या गठ्ठ्यात. हा बावळट त्या टेबलासमोर नुसता घसा खाकरत उभा. शेवटी मीच म्हटलं, "यांना बदली नकोय."

हेडक्लार्कांनी चष्म्यावरून माझ्या पायांतली दोन मापं मोठी चप्पल बघितली. "अर्ज मागे घ्यायचा तर खाली कारण लिहावं लागेल."

त्यानं पेन उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. माझी शाळा दुसरीतच सुटलेली, नाहीतर मीच खरडलं असतं.

"लिहा," मी म्हटलं. "लग्न ठरलं आहे."

"कुणाचं?"

"तुमचं!"

"कुणाशी?"

बाकावरचे सगळे रोगी आमच्याकडे वळून बसले होते. एवढा शिकलेला माणूस, आणि डोक्यात काही शिरत नव्हतं. "आता तेही मीच सांगू? दोनशे चादरी पाण्यात टाकून, दुसऱ्याची चप्पल घालून कोण आलंय इथं?"

त्याचे कान असे लाल झाले की हेडक्लार्कांनी पंखा वाढवला.

"नीट काय ते लिहा," ते म्हणाले. "ठरलं आहे, की ठरायचं आहे?"

मी तोंड उघडलं, पण त्यानं मला हातानंच थांबवलं. कुणाला काही न विचारता, मान खाली घालून, त्यानं ठळक अक्षरात लिहिलं... ठरलं आहे.