चौकीतला सतराचा पाढा

हसायचं असेल तर खुशाल हसा. मी यातला एक शब्दही बदलणार नाही. ज्या दोघींच्या बाबतीत हे घडलं, त्या दोघींच्या तोंडून मी ते वेगवेगळं ऐकलं आहे. आणि दोघीही खोटं बोलणाऱ्या नव्हत्या.

साल १९५५. संक्रांतीच्या आधीचा शनिवार. जागा, तळेगाव श्यामजी पंतच्या वरच्या डोंगरातली जुनी जंगलचौकी.

माझी मोठी मावशी गोपिका तेव्हा तळेगावात मुलींना शिकवायची. बावीस-तेवीस वर्षांची. लग्न झालेलं नाही यावरून कोणी बोललं, तर ती सरळ विचारायची, "तुमचं काई अडून राह्यलं काय?"

मुलांच्या शाळेची पोरं दर हिवाळ्यात जंगलात मुक्कामाला जायची. मुली कधीच नाही. मावशीनं ठरवलं, यंदा मुली जातील. सागाच्या फळ्यांची ती चौकी रिकामीच पडली होती. दोन रात्रींचा मुक्काम, तिथंच स्वयंपाक, तिथंच झोपणं. सगळं तिनं मनात आखून टाकलं होतं.

शाळेच्या कमिटीवर मधुकरराव होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"त्या चौकीत गडीमानसं थांबत नाईत, बाई."

"काऊन थांबत नाईत?"

"थांबत नाईत, एवढं खरं."

"मी एक रात थांबून दाखवते. मंग?"

चार माणसं ऐकत होती. मधुकररावांना मागे सरता येईना. "मंग न्या पोरी," ते म्हणाले.

सोबत कुंताबाई गेली. मावशी तिच्याच घरी भाड्यानं राहायची. कुंताबाई विधवा, भाजी पिकवून बाजारात विकणारी. बोलायची कमी. सापाला भ्यायची नाही आणि दारुड्यालाही नाही.

जंगलात मजुरी करणारा मंगरू किल्ली घेऊन त्यांना वर सोडायला आला. त्यानं कुलूप काढलं, पाण्याची घागर ओट्यावर ठेवली आणि लगेच निघाला.

"मी सकाळी येतो, बाई. दार लावून घेजा."

तो गेल्यावर मावशीनं पहिल्यांदा नीट पाहिलं...

पानगळीचे दिवस होते. चारी बाजूंना सागाच्या वाळक्या पानांचा खच होता. पाऊल टाकलं की करकर वाजायचं.

चौकीच्या अंगणात मात्र एक पान नव्हतं.

मातीवर फड्याचे, म्हणजे झाडूचे, ताजे ओरखडे होते.

"मंगरूनं झाडलं असंन," मावशी म्हणाली.

"तो तं आपल्यासंगच आला," कुंताबाई म्हणाली.

मावशीनं विषय सोडून दिला. ती भूत पाहायला आली नव्हती. पोरी कुठं झोपतील, चूल कुठं मांडायची, पाणी किती लांबून आणावं लागेल, हे पाहायला आली होती. दिवस मावळेपर्यंत ती तेच करत होती.

कंदील लावला. दार लावलं. आतून लाकडी आडणा घातला. कुंताबाईनं कोपऱ्यातल्या चुलीवर भाकरी टाकली.

आणि मग...

आधी रातकिडे थांबले.

सगळे एकदम. कोणी तोंडावर हात ठेवावा तसे.

मग वारा. फटीतून कंदिलाची वात हलत होती, पण वाऱ्याचा आवाज नव्हता.

मावशीनं चुलीकडे पाहिलं. लाकडं पेटली होती. ठिणग्या उडत होत्या. तडतड मात्र येत नव्हती.

तिनं हात हलवला. बांगड्या एकमेकींवर आपटलेल्या तिला दिसल्या...

वाजल्या नाहीत.

कुंताबाईचे ओठ हलत होते. ती काहीतरी विचारत होती. मावशीला एक अक्षर ऐकू येईना.

आणि त्या मुक्या खोलीत एकच आवाज आला.

सर्रर्र... सर्रर्र...

बाहेर अंगणात कोणीतरी झाडत होतं.

सावकाश. रोजचं काम असल्यासारखं. अंगणाच्या टोकापासून ओट्यापर्यंत. मग ओट्याची एक पायरी. मग दुसरी.

दारापाशी आवाज थांबला.

कुंताबाईनं हात जोडले. देवाचं नाव घे, अशी खूण केली. मावशीनं नाही म्हणून मान हलवली. नंतर ती मला म्हणायची, "देवाचं नाव घेतलं असतं तं त्या झाडनारीले समजलं असतं, का मी भ्याली."

ती भ्यालेली होतीच. पण त्या भीतीच्या वर राग होता. आपण इथून पळालो, तर गावातली एकही पोरगी पुन्हा कधी हा डोंगर चढणार नाही, हे तिला दिसत होतं.

ती उभी राहिली. दाराकडे तोंड केलं. आणि वर्गात म्हणायची तसा खड्या आवाजात पाढा म्हणायला लागली. सतराचा. तोच पहिला तोंडात आला.

स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नव्हता. नुसता घसा ताणलेला कळत होता. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस...

आणि मग तिला ऐकू आलं.

"सतरा एके सतरा..."

बाईचा आवाज. मोठ्या बाईचा, थोडा घोगरा. दारापलीकडून आल्यासारखा, मावशीच्या मागोमाग म्हणत होता. पहिल्यांदाच म्हणत असल्यासारखा, अडखळत.

"सतरा दुणे चौतीस..."

मावशी थांबली नाही. सतरा त्रिक एक्कावन्न.

"सतरा त्रिक... पन्नास."

मावशी म्हणायची, त्या क्षणी भीती कुठं गेली कळलंच नाही. वर्गात होतं तेच झालं.

"चुकलं," ती म्हणाली. "एक्कावन्न. पुन्हा म्हन."

मग, अगदी हळू, "सतरा त्रिक एक्कावन्न."

आणि चूल तडतडली. रातकिडे किरकिरले. कुंताबाईचा हुंदका ऐकू आला. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती.

सकाळी मंगरू आला. दोघी ओट्यावर बसल्या होत्या. रात्रभर पानं गळत होती, त्यांनी ऐकलं होतं. अंगण मात्र स्वच्छ होतं.

गावात मधुकररावांनी विचारलं, "कसं काय झालं?"

"झोप नाई झाली," मावशी म्हणाली. "उंदीर लय हायेत तिथं."

फाल्गुनात पोरी गेल्या. दोन रात्री राहिल्या, जंगलात हिंडल्या, स्वतः रांधून जेवल्या. त्या पोरींमध्ये माझी आई होती, मावशीची धाकटी बहीण, शिकायला तिच्याकडेच राहणारी. काहीही झालं नाही. मावशी दोन्ही रात्री दाराला पाठ लावून जागी बसली होती. बाहेरून कोणी आत येऊ नये म्हणून.

इथंच ही गोष्ट संपली असती, तर मी ती लिहिली नसती.

पुष्कळ वर्षांनी कुंताबाई अंथरुणाला खिळली, तेव्हा मी तिला भेटायला गेलो. त्या रात्रीचं विचारलं.

"तुह्या मावशीले वाटे, आवाज बाहेरून येऊन राह्यला," ती म्हणाली. "बाहेरून नोता तो, बापू. आतून होता. माह्या मांगं बसून म्हनत होती. तिचा श्वास माह्या मानेले लागे."

"मग तेव्हाच सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं तिनं पोरी नेल्या असत्या काय?"

घरी येऊन मी आईला विचारलं, त्या मुक्कामात तुला काही जाणवलं होतं का? आई हसली. "थंडी लय होती. रात्री ताई सारखी येऊन अंगावर पांघरूण घालत होती, तेवढं आठवते."

मावशी दारापासून हललीच नव्हती.

मी हे मावशीला सांगितलं.

ती म्हणाली, "पांघरूनच घातलं ना? मंग?"

पण आजही थंडीच्या रात्री, झोपेत पांघरूण सरकलं... तर मी ते पटकन स्वतःच वर ओढून घेतो.