इग्नेशियस पुढचं वाक्य देतो

सणाच्या दिवशी दुपारी प्लासिड खडीसाखर आणायला नाक्यावर गेला. घसा साफ हवा होता, कारण संध्याकाळी नाटक होतं. वटारच्या चर्चच्या सणाला दर वर्षी नाटक होतं, आणि दर वर्षी त्यातला म्हातारा बाप प्लासिडच करतो. ऐन जवानीत होता तेव्हाही तो म्हाताराच करायचा. आता म्हातारपण खरंच आलं, तेवढा पावडरीचा खर्च वाचला.

वाटेत ग्लेन भेटला. हा दिग्दर्शक. मुंबईला नाटकाचा कोर्स करून आलाय, दाढी राखलीय, आणि बोलताना हात असे फिरवतो की समोरच्याने नाक सांभाळावं.

"अंकल, पाठ झालं ना सगळं?"

"झालं."

"नक्की?"

"अरे, झालं म्हणतो ना! तुझ्या बापाच्या वरातीत नाचलोय मी. मला विचारतोस?"

काही झालं नव्हतं. एक ओळसुद्धा नाही. प्लासिडची शाळा चौथीत संपली, आणि तिथपर्यंतही तो रेंगाळतच पोचला होता. कागद हातात घेतला की अक्षरं मुंग्यांसारखी पळतात. तालमीत तो कागदावर बोट ठेवून कसाबसा वाचायचा, आणि घरी जाऊन झोपायचा. आयुष्यभर त्याने एकाच रीतीने नाटकं केली. वाक्य कानातून आत घ्यायचं आणि तोंडातून बाहेर सोडायचं. मधे डोक्याला तसदी द्यायची नाही.

आणि कानात वाक्य घालायला विंगेत इग्नेशियस बसायचा.

इग्नेशियस म्हणजे गावाचा प्रॉम्प्टर. केळीच्या वाडीला पाणी लावून तसाच चिखलाच्या पायांनी यायचा. अंगाला केळीच्या ओल्या सोपटाचा वास, नाकात तपकीर, मांडीवर वही. पडद्याआडून असं बारीक बोलायचा की नटाला ऐकू यावं आणि पहिल्या रांगेतल्या फादरला येऊ नये. लेखकाचं वाक्य पसंत पडलं नाही तर खुशाल स्वतःचं ठोकून द्यायचा. प्लासिडला काय, जे येईल ते. एकदा इग्नेशियसने कंसातलंही वाचलं, तर प्लासिडने भर मांडवात हात पसरून सांगितलं, "रडत रडत बाळा, तू आलास?" पुढं कित्येक वर्षं पोरं त्याला 'रडतरडत' म्हणून हाक मारायची. तरी त्याने इग्नेशियसला सोडलं नाही.

इग्नेशियसनेच त्याला सोडलं. ईस्टरच्या आधी, उपवासकाळात, वाडीत पाट वळवताना खाली बसला, तो उठलाच नाही.

त्याच्या जागी दुसरा कुणी बसवा म्हणावं, तर ग्लेन म्हणाला, "अंकल, आता कॉलरला माइक असतात. प्रॉम्प्टर बोलला की सगळ्या मांडवाला ऐकू जाणार. लोक पाठ करतात हल्ली." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्हाला जमत नसेल तर जॅक्सन अंकल तयार आहेत."

जॅक्सन म्हणजे प्लासिडच्या बायकोचा भाऊ, गास गावचा. बापाचा अख्खा पार्ट त्याला तोंडपाठ होता, आणि हे तो लग्नात, मयतात, जिथं जाईल तिथं सांगत होता. या वर्षी प्लासिड अडला असता तर म्हातारा बाप कायमचा गासला गेला असता. मग प्लासिडने सणाला करायचं काय? खुर्च्या मोजायच्या?

संध्याकाळी मांडव भरला. पहिल्या रांगेत जॅक्सन बसला होता, धुतलेल्या पांढऱ्याशुभ्र धोतरात. नाटक बघायला कुणी धोतर नेसून येतं का? पण तो आला होता. बोलावणं आलं तर उशीर नको!

पडदा उघडला. नाटक असं, की दोन पोरं बापाची वाडी बिल्डरला विकायला निघालीत आणि बाप सही देत नाही. प्लासिड काठी टेकत आत आला. पहिलं वाक्य त्याला येत होतं, कारण सगळ्याच नाटकांत ते असतं.

"कोण आहे रे तिकडे?"

पोरं आली, कागद पुढं केला. "बाबा, सही करा."

आता बापाने बोलायचं होतं.

बाप बोलेना.

मांडव गप्प झाला. मागं जनरेटर घुरघुरत होता. कुठंतरी एक पोर चिप्सचं पाकीट कुरकुरवत होतं, तेही थांबलं. कॉलरच्या माइकमधून प्लासिडचा श्वास सगळ्या मांडवात फिरू लागला... आत... बाहेर... आत... समोर जॅक्सनचे ओठ हलत होते. तो मनातल्या मनात पार्ट म्हणत होता आणि धोतराचा सोगा हातात घेऊन अर्धा उठलाही होता.

तेवढ्यात वास आला. आधी तपकिरीचा. मग ओल्या सोपटाचा...

आणि उजव्या विंगेतून, अगदी बारीक,

"सही मागता... आधी त्या विहिरीला विचारा..."

प्लासिडच्या पाठीवर काटा आला. पण तोंडाला सवय होती. तोंड बोलून मोकळं झालं, "सही मागता? आधी त्या विहिरीला विचारा! तुमच्या आजाने तिच्यात घाम ओतला, तेव्हा ती गोड झाली!"

टाळ्या पडल्या. जॅक्सन हळूच खाली बसला.

मग काय विचारता! वाक्यामागून वाक्य येत गेलं. प्लासिड गरजला, रडला, काठी आपटली. बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. सुनेचं काम करणारी ॲंजेला तर खरीच रडायला लागली आणि तिचं काजळ हनुवटीपर्यंत आलं.

मधेच पाठ फिरवून प्लासिडने विंगेत बघितलं. तिथं प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत होती, आणि तिला टेकून ॲंजेला आपल्या पुढच्या प्रवेशाची वाट बघत नाक पुसत होती. दुसरं कुणी नाही. आवाज मात्र तिच्या खांद्याजवळूनच येत होता. तिला ऐकू येत नव्हता. माइकमध्येही जात नव्हता. मधूनमधून वहीचं पान उलटल्याची खसफस तेवढी व्हायची, आणि पान उलटण्याआधी बोट ओलं केल्याचा तो चपचप आवाज.

तेव्हा प्लासिडच्या ध्यानात आलं. हे नाटक ग्लेनने लिहिलं मे महिन्यात. इग्नेशियस त्याच्या आधीच गेला. मग मेलेल्या माणसाला नाटक वाचायला दिलं कुणी?

पडदा पडल्यावर ग्लेन धावत आला. हात फिरवायचंही विसरला होता.

"अंकल... ती विहिरीची वाक्यं... ती मी लिहिलीच नव्हती!"

"लिहायला पाहिजे होतीस," प्लासिड म्हणाला. ग्लेनने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, जोवर प्लासिड अंकल आहेत तोवर म्हातारा बाप तेच करणार. जॅक्सन न भेटताच गासला गेला.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं.

मांडवाच्या दारात फादरांनी हात हातात घेतला. प्लासिड अशा वेळी "ठीक आहे, ठीक आहे" म्हणून सटकतो. पण कानाशी आवाज आला, "सगळी देवाची कृपा, फादर..." आणि तोंड म्हणालं, "सगळी देवाची कृपा, फादर. उद्या सकाळी मिस्साला येतो." फादर चाटच पडले. प्लासिड प्रवचनाच्या वेळी बाहेर चिंचेखाली बसणारा माणूस! वाटेत शेजारची इझाबेल भेटली. कुंपणावरून दोघांचं बोलणं बंद होतं. तिलाही तो म्हणाला, "तुझ्या आंब्याच्या फांदीचं काही नाही गं, राहू दे." बाईने छातीवर क्रूस केला.

बायको, फेलिशिया, पुढं चालत होती. प्लासिड मागं राहून दात आवळून कुजबुजला, "इग्ना... अरे, नाटक संपलं. जा आता. उपकार झाले, जा बाबा."

कानाशी पान उलटलं.

घरी आल्यावर फेलिशियाने कानातलं मशीन काढून फळीवर ठेवलं. दिवसभर बँड वाजून डोकं उठलं होतं तिचं. मशीन काढल्यावर तिच्या शेजारी फटाका लावा, मान फिरवायची नाही. तिने चुलीवर डुकराच्या मटणाचं पातेलं गरम करायला ठेवलं. मसाल्याचा वास घरभर पसरला. प्लासिडच्या पोटात सकाळपासून खडीसाखरेशिवाय काही नव्हतं. हात धुऊन तो पाटावर बसला.

वास बदलला. मसाला गेला... तपकीर आली...

"जेवण नको मला..."

प्लासिडने ओठ घट्ट मिटले.

"जेवण नको मला, फेलिशिया... ताट वाढू नकोस... मी निघालो..."

त्याने तोंडावर हात ठेवला. आयुष्यात इग्नेशियसचं एकही वाक्य त्याने वाया घालवलं नव्हतं. कंसातलंसुद्धा बोलला होता. पण हे नाही. हे बोललो की संपलं, एवढं चौथी शिकलेल्यालाही कळतं. जीभ आतून दातांना धडका देत होती. त्याने दुसराही हात वर ठेवला.

नट अडला की इग्नेशियस काय करायचा, ते प्लासिडला ठाऊक होतं. आवाज थोडा चढवायचा आणि वाक्य परत द्यायचा. पुन्हा अडला, पुन्हा द्यायचा. चिडायचा नाही, सोडायचाही नाही.

"मी निघालो... म्हण... मी निघालो..."

फेलिशिया चुलीपाशी पाठमोरी उभी होती. तिने डाव पातेल्यावर आपटला आणि मान न वळवता म्हणाली,

"अहो, तो बिचारा कधीपासून घसा फोडतोय. बोला की एकदाचं!"