न सुधारलेली चूक

विशाखा साळवेनं खुर्चीत बसायच्या आधी पर्समधून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. झाकण घट्ट होतं. वरून रुमालाची गाठ मारलेली होती.

"डबा आणला ते बेस केलं," बद्रीनाथ म्हणाले. एस.टी.च्या कंडक्टरकीतून निवृत्त झाल्यापासून ते निशा खरातच्या गुप्तहेर कचेरीत मदतनीस होते. जेवणाच्या बाबतीत त्यांचा तर्क सहसा चुकत नसे.

"त्यात फोन आहे," विशाखा कुजबुजली.

तेवढ्यात डबा थरथरला आणि टेबलावर सरकू लागला. विशाखा भिंतीला जाऊन टेकली. बद्रीनाथही टेकले, कारण मदतनिसानं अशिलाजवळ असावं.

निशानं गाठ सोडली आणि फोन स्पीकरवर टाकला.

आवाज बाईचा की पुरुषाचा, कळत नव्हतं. विहिरीच्या तळातून यावा तसा तो येत होता. "उद्या मुलाखतीला बसू नकोस. ऐक." मग विशाखाचाच आवाज आला. ती इंग्रजीत अडखळत कुणातरी पेशंटला धीर देत होती. "डोंट फिअर, आय ॲम हिअर ओन्ली..." मागून पुन्हा तो विहिरीतला. "वॉर्डच्या ग्रुपवर टाकू?"

फोन बंद झाला.

विशाखा एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती. आयर्लंडच्या एका हॉस्पिटलनं तिची पहिली मुलाखत फोनवर घेतली होती आणि ती त्यात पास झाली होती. शेवटची मुलाखत उद्या, व्हिडिओवर होणार होती.

"पास झाले म्हणून क्लासमध्ये पेढे नेले. पुंडलिकनगरात पी. आर. सरांचा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास आहे. त्यांना सांगितलं, तिकडच्या बाई म्हणाल्या, तुमचं सगळं कळतंय, चुकांची काळजी करू नका. त्याच दिवसापासून हे फोन सुरू झाले. ताई, मी आता वॉर्डात मराठीतसुद्धा बोलत नाही. काल पेशंटनं पाणी मागितलं तर नुसती मान हलवली."

"तुझं रेकॉर्डिंग कोण करू शकतं?"

"कुणीही. क्लासमध्ये पेशंटशी बोलायचा सराव सगळ्यांसमोर उभं राहून करायचा असतो."

"आणि पेढे कुणी खाल्ले?"

"बॅच सुटून गेली होती. सर होते, माझ्यासोबत मुलाखत देणारी श्रेया होती आणि घरमालक नानासाहेब. तिघंच."

"सरांना या फोनचं सांगितलंस?"

"मंगळवारी गेले होते. दार आतून बंद होतं. आत ऑनलाइन बॅच चालू होती, सरांचा आवाज येत होता. मी दार वाजवून म्हटलं, सर, आय हॅज कम. सर शिकवतच राहिले. मी पुन्हा तेच म्हटलं. तरी शिकवतच होते. तेवढ्यात फोन वाजला. 'दारातून परत फिर.' आत सर बोलताहेत आणि माझ्या कानात हा. मी जिना कशी उतरले, मला ठाऊक नाही."

"म्हंजी सर सुटले," बद्रीनाथ म्हणाले. "एका तोंडानं दोन ठिकाणी कोण बोलतंय?"

निशा उठली. तिनं चपला घातल्या.

नानासाहेब क्लासच्या खाली ओट्यावर बसले होते. पैठणकडची शेती बटाईनं देऊन ते शहरात घरमालक झाले होते.

"म्या कशाला पोरीला भेव दावू? क्लास जावा असं मला लई वाटतं, ते खोटं नाय. दिवसभर वर जिभा बाहेर काढून काढून बोलत्यात. माझी नात जेवतानी बी तशीच जीभ काढती."

"सर माणूस कसा आहे?"

"माणूस चांगला. पण चूक दिसली की ऱ्हावत नाय त्याला. मागं छातीत दुखलं म्हणून ॲम्ब्युलन्समध्ये घातला. तोंडावर ऑक्सिजन. डायवर फोनवर इंग्लिशमधी कायतरी बोलला, तर ह्यानं मास्क काढून त्याला दुरुस्त केलं. डाक्टर म्हणला, पेशंट शुद्धीवर हाय, बरं झालं."

"मंगळवारी तुम्ही कुठं होता?"

"हितंच. पोरगी पांढरीफटक होऊन उतरली. चप्पल वरच ऱ्हायली तिची."

"तिच्याशिवाय कुणी वर गेलं? कुणी उतरलं?"

"नाय. वर क्लासची खोली आन् मागं सरांचं सैपाकघर. जिना एकच."

श्रेया शेजारच्या गल्लीत राहायची. ती इंग्रजी माध्यमात शिकलेली होती. उद्याच्या मुलाखतीला तीही बसणार होती, आणि जागा एकच होती.

"मी हसते तिला, हो," ती म्हणाली. "तिचे उच्चार ऐकून हसू येतं यार. पण फोन मी नाही केले."

"मंगळवारी?"

"घरी होते. एकटीच." तिनं आवाज खाली आणला. "खरं सांगू, मॅडम? पिझ्झा मागवायचा असला तरी मी वाक्य आधी मनात म्हणून बघते. चुकलं तर? सरांच्या क्लासला आल्यापासून जास्तच."

"हिला कारण बी हाय आन् साक्षीदार बी नाय," जिन्यापाशी परत आल्यावर बद्रीनाथ म्हणाले. "उगं वर कशाला जायचं?"

वरचं दार बंद होतं. आतून शिकवण्याचा आवाज येत होता. निशानं बद्रीनाथांना पुढं केलं. "इंग्रजीत सांगा आपण आलोय म्हणून."

बद्रीनाथांच्या कपाळावर घाम आला. उभ्या नोकरीत त्यांनी दारुडे, पाकीटमार आणि तपासनीस पाहिले होते, पण त्यातल्या कुणी त्यांना इंग्रजी बोलायला लावलं नव्हतं. "सर, वुई इज केम."

आतला आवाज जागीच थांबला.

"वुई हॅव कम. म्हणा."

"वुई हॅव कम."

"हॅव. खालचा ओठ दातांखाली घ्या. पुन्हा."

बद्रीनाथांनी ओठ दातांखाली घेतला. तेव्हा कुठं कडी निघाली.

सर किडकिडीत आणि इस्त्रीतले होते. लॅपटॉपवर पैठणचा फकिरा नावाचा विद्यार्थी ताटकळत होता. निशानं त्याचा नंबर तेवढा मागून घेतला आणि संध्याकाळी सगळ्यांना इथंच बोलावलं.

संध्याकाळी बाकांवर सगळे बसले. विशाखाच्या मांडीवर डबा होता. तिची नजर झाकणावरून हलत नव्हती.

"फोन पेढ्यांच्या दिवसापासून सुरू झाले," निशा म्हणाली. "म्हणजे पेढे खाणाऱ्या तिघांपैकी कुणीतरी. मंगळवारी फोन करणाऱ्याला विशाखा दारात उभी आहे हे ठाऊक होतं. श्रेया त्या वेळी वर नव्हती, जिन्यावरही नव्हती. तिला कसं कळणार? राहिले दोघं. खाली नानासाहेब, वर सर."

"आन् सर तर शिकवत होते," बद्रीनाथ म्हणाले.

"आवाज शिकवत होता. बद्रीकाका, सकाळी तुम्ही दाराबाहेर चुकलात, तेव्हा काय झालं?"

"माझा ओठ दुखतोय अजून."

"विशाखा त्याच दारात, तशीच, दोनदा चुकली. आतून दुरुस्ती आली नाही. ऑक्सिजनवर असताना जो माणूस चूक सोडत नाही, तो ती ऐकून गप्प बसेल? खोलीत सर नव्हतेच. रेकॉर्ड केलेला धडा चालू होता. सर मागं स्वयंपाकघरात होते, तिथं दारातलं बोलणं ऐकू येत नाही. विशाखा जिना चढताना खिडकीतून दिसली, तसा धडा लावून ते मागं गेले, आणि त्यांनी आवाज बदलणाऱ्या ॲपवरून तिथूनच फोन लावला. दुपारी मी फकिराला विचारलं. मंगळवारी ऑनलाइन बॅच झालीच नव्हती."

सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या. विशाखा बाकाच्या पार टोकाला सरकली.

"पण का, सर?" तिनं विचारलं. आज पहिल्यांदा तिचा आवाज कुजबुजीच्या वर आला होता.

सरांनी इस्त्रीची बाही उगाच सारखी केली. "मागं एकदा वेरूळला एका गोऱ्या बाईनं मला वाट विचारली. मी वाक्य जुळवत राहिलो. काळ बरोबर पाहिजे, आर्टिकल पाहिजे. ती कंटाळून निघून गेली. रस्ता मला पाठ होता." ते खाली बघू लागले. "तू इतक्या चुका करून निवडली गेलीस, तर या सगळ्या पोरांना मी काय सांगत होतो इतकी वर्षं? मला रात्री झोप येईना. तू गेलीस की सगळ्यांना कळेल, चुकलं तरी चालतं."

"सर, तुम्ही माझी बोलती बंद केली."

"रेकॉर्डिंग पुसून टाकतो. आत्ता, तुझ्यासमोर."

"नको," विशाखा म्हणाली. "मला पाठवा."

सर बघतच राहिले. निशाही थोडी पुढं वाकली. हे तिच्या तर्कात नव्हतं.

रेकॉर्डिंग आलं. विशाखानं फोन डब्याबाहेर काढला, वॉर्डचा ग्रुप उघडला, आणि डोळे मिटून स्वतःच पाठवून दिलं.

पाठवलेला आवाज कुणी कुणी ऐकला, त्यांची नावं स्क्रीनवर दिसू लागली. एकानं ऐकलं, मग बऱ्याच जणांनी. श्रेया नखं खात होती. बद्रीनाथांनी दाराजवळची जागा धरली होती.

फोन वाजला. विशाखा दचकून उठली आणि वाचू लागली. मेसेज मेट्रन गीताबाईंचा होता. त्यांच्यापुढं अख्खा वॉर्ड चपला वाजवत नसे.

"पेशंटला असंच सांगत जा. उद्या सकाळची तुझी ड्यूटी मी करते. मुलाखत दे."

चुकांबद्दल त्यात काही नव्हतं. विशाखानं पुन्हा पुन्हा शोधलं. खरोखरच नव्हतं. मग ती मटकन बाकावर बसली.

"ताई, हात अजून कापतायत."

"कापू देत," निशा म्हणाली. "कॅमेऱ्यात चेहराच दिसतो."