उडालेला रंग

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत पडदे कायम ओढलेले असत. निळा प्रकाश पडला की रंगवलेल्या पेशी अंधारात हिरव्या चमकत; पण तोच प्रकाश जास्त वेळ राहिला, तर रंग कायमचा उडे. म्हणून उठताना दिव्यापुढचं शटर बंद करायचं, हे तिथे पहिल्याच दिवशी शिकवत. तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या बाईंनी स्वतः कितीतरी जणांना शिकवलं होतं. आणि एका दुपारी बाईच शटर उघडं टाकून चहाला गेल्या.

परतल्या तेव्हा चमकत्या पेशींच्या मधोमध काळा गोल पडला होता. ज्या रुग्णाच्या त्या पेशी होत्या, त्याची तेवढी एकच स्लाइड उरली होती.

"हे कसं झालं?" प्रयोगशाळेच्या साहेबांनी विचारलं.

"रंगच नीट धरला नसेल," बाई बोलून गेल्या.

स्लाइड रंगवली होती चिमणीने. प्रयोगशाळेतली सगळ्यात नवी मुलगी, अखंड बडबड म्हणून हे नाव. आज ती नुसती रंगाच्या बाटल्यांवरची लेबलं पुन्हा पुन्हा तपासत होती. तिची नोकरी अजून पक्की व्हायची होती. आता ती होणं कठीणच. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या सांगून टाकू खरं, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी स्लाइड ठेवून भिंगाला डोळा लावला. बघता बघता मधल्या पेशी विझल्या. तसाच गोल. दुसरी स्लाइड घेतली, पुन्हा तेच. दुरुस्तीवाल्याने दिव्यापासून भिंगापर्यंत सगळं तपासलं.

"मशीन ठणठणीत आहे, मॅडम. मी बघतो तेव्हा काहीच होत नाही."

तो गेल्यावर बाईंनी निळा दिवा बंद करून खोलीतला दिवा लावला. टेबलावर लेकीचा फोटो होता, त्याच्याकडे त्या नुसत्या पाहत बसल्या. आधी गालाची लाली गेली, मग डोळे. चेहऱ्याच्या जागी पांढरा गोल राहिला.

"येते, मॅडम." दारात चिमणी उभी होती, खांद्याला पिशवी. "साहेबांनी उद्यापासून येऊ नको म्हटलं. चूक माझीच असेल."

सांगायचं तर आत्ताच. बाईंनी मान वर केली नाही.

"बरं," त्या म्हणाल्या.

घरी लेक धावतच दाराशी आली.

"आई, बघ ना!"

"नंतर हं, बाळा." बाईंनी नजर फरशीला खिळवली.

"आत्ताच बघ! मावशीने नेलपॉलिश लावून दिलं. लालभडक!"

नजरेसमोर दोन चिमुकली पावलं येऊन थांबली. बाईंनी डोळे मिटले, पण क्षणभर उशीर झाला होता.

नखांवर लाल काही नव्हतं. बोटांनाही आता रंग नव्हता.