झुकलेला शिक्का

डोळे मिटून थोडा वेळ माझ्याबरोबर चला. फेब्रुवारी महिना आहे. जपानमधल्या त्सुबामे गावात कंबरभर बर्फ पडलंय. ते वितळावं म्हणून रस्त्याच्या मधोमध जमिनीतून पाण्याची बारीक कारंजी उडताहेत, आणि त्या पाण्यातल्या लोखंडाने सगळा रस्ता तांबूस झालाय. कारखान्याच्या फाटकाशी एक मुलगी एका पायावर उभी आहे, कारण दुसऱ्या पायातला बूट आत्ताच पाण्याने भरलाय.

दिसली? ही चिनात्सु कुवाबारा. वय सत्तावीस.

"डावीकडून यायचं असतं," मागून आवाज आला. "उजवीकडचं कारंजं गेल्या हिवाळ्यापासून जरा चावट झालंय."

"मग पाटी लावा ना तशी!"

"इथे सगळ्यांना माहीत असतं... म्हणून कुणी सांगत नाही."

तो कोहेई त्सुकादा, विक्री विभागातला. हातातली नमुन्यांची पेटी त्याने उघडली, बाटल्यांभोवतीचा कागद काढला, चुरगळला आणि तिच्यापुढे धरला. "बुटात कोंबा. दुपारपर्यंत वाळेल."

कागद घेताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. थंडगार होती. दोघांचीही.

हा कारखाना मुलांच्या पाण्याच्या बाटल्या बनवायचा. चिनात्सु बाटल्यांची रचना करायची. कारखान्याच्या रॉटरडॅमच्या कचेरीत दोन वर्षं काढून ती नुकतीच परतली होती. रोज सकाळी सगळे रांगेत उभे राहून संस्थापकांचं वाक्य म्हणायचे: "वस्तू ज्याच्या हातात जाईल, त्याचा हात आधी पाहा." दोन वर्षांनी ते पुन्हा म्हणताना चिनात्सुला गंमत वाटायची. आणि तिसऱ्या रांगेतला कोहेई ते म्हणताना आपल्याकडे बघतो की काय, असंही वाटायचं.

त्याच आठवड्यात नव्या बाटलीची चाचणी झाली. एप्रिलमध्ये शाळा सुरू होणार, त्याआधी बाटली दुकानात पोचायला हवी, हे अध्यक्षांचं या वर्षीचं सगळ्यात मोठं उद्दिष्ट. कोहेईने आपल्या सहा वर्षांच्या भाचीला आणलं होतं. तिचं नाव कोहारु. तिने खटका दाबून झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं... आणि एकदम गप्प झाली. मग हसून म्हणाली, "छान आहे." आणि उजवा हात पाठीमागे नेला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिनात्सु मात्र तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "हात दाखवतेस?"

बोटावर झाकणात चिमटल्याचा लालभडक वळ होता. चिनात्सुने त्यावर हळूच फुंकर घातली. "दुखलं ना? मग बोलली का नाहीस?"

"सगळे खूश होते ना..." कोहारु कुजबुजली.

चिनात्सु उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हे झाकण बदलल्याशिवाय ही बाटली विकता येणार नाही."

रॉटरडॅममध्ये अशा वाक्यावर तासभर आरडाओरडा झाला असता, आणि नंतर त्याच माणसांनी तिला कॉफी आणून दिली असती. इथे सगळे आपापल्या चहाच्या पेल्यात बघत राहिले.

सोमवारी तिने त्याहून मोठी चूक केली. झाकण बदलण्याचा प्रस्ताव लिहिला आणि आधी कुणाच्याही कानावर न घालता थेट मंजुरीसाठी फिरवला.

त्या कागदावर चार चौकोन होते. उजव्या टोकाला तिचा, मग विक्री विभागातर्फे कोहेईचा, मग विक्रीप्रमुख होशीसाहेबांचा, आणि डाव्या टोकाला अध्यक्षांचा. प्रत्येकाने आपल्या आडनावाचा गोल शिक्का मारायचा, आणि तोही किंचित डावीकडे झुकवून, म्हणजे तो वरिष्ठांच्या शिक्क्यापुढे वाकलेला दिसतो. हा नियम कुठेही लिहिलेला नाही. पण मोडतही कुणी नाही.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता साचे सुरू होणार होते. तोवर चारही शिक्के पडले नाहीत, तर झाकणं तशीच निघणार होती. एप्रिलमध्ये ती हजारो दप्तरांत जाणार, आणि हजारो मुलं हात पाठीमागे लपवून म्हणणार — छान आहे.

मंगळवारी कागद कोहेईच्या टेबलावर होता. बुधवारीही तिथेच. कोहेई तिच्याकडे बघेनासा झाला. शेवटी तिने त्याला चहाच्या यंत्रापाशी गाठलं.

"त्सुकादा-सान, माझा कागद..."

"आहे."

"वाचलात?"

"चार वेळा."

"मग?"

"बूट वाळला का तुमचा?"

"इथे सरळ उत्तर देताना कुणाचा जीव जातो का हो?"

तो हसला, पण हातातला चहा सांडला. "कुवाबारा-सान, झाड दुसरीकडे लावायचं असलं तर आधी काय करतात?"

"उपटतात!"

"म्हणूनच तुमची काळजी वाटते मला," असं म्हणून तो निघून गेला.

गुरुवारी दुपारी नूडल्सच्या दुकानाच्या धुरकटलेल्या काचेतून तिला तो दिसला. बाटली एप्रिलमध्येच विकायची म्हणणाऱ्या होशीसाहेबांच्या शेजारी, त्यांच्या वाडग्यात कांदा वाढत, खो खो हसत. विकला गेला हा, तिला वाटलं. रोज सकाळी डाव्या बाजूने चालताना आपण ज्याची वाट बघतो... तोच हा.

शुक्रवारी अकरा वीसला तिला होशीसाहेबांच्या टेबलापाशी बोलावणं आलं. तिथे कोहेई ताठ उभा होता. साहेबांच्या जाड भुवया कागदावर खिळल्या होत्या. तिने वाकून पाहिलं. कोहेईचा शिक्का पडला होता — आणि तो उजवीकडे झुकला होता. तिच्या शिक्क्याकडे.

"त्सुकादा-कुन," साहेब म्हणाले, "उलटा वाकलाय शिक्का तुझा."

"बघूनच मारलाय, साहेब." कोहेईचे कान लाल झाले होते.

"चार दिवस डोकं खाल्लंस माझं. आधी माझ्या नातवाच्या बोटांची जाडी मोजायला लावलीस, मग नूडल्स खाऊ घातलेस. आणि आज माझ्याकडे पाठ करून हिच्यापुढे वाकतोस?"

"हात आधी पाहा, असं आपण सगळेच रोज म्हणतो, साहेब. पाहिला मात्र यांनी."

घड्याळात अकरा चौतीस झाले. चिनात्सु सारखी तिकडे बघत होती. आता कागदाबरोबर याची नोकरीही...

"एप्रिलमध्ये माल येणार नाही, हे दुकानदारांना कोण सांगणार?"

"मी. सगळ्यांकडे स्वतः जाऊन."

होशीसाहेबांनी शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि दाबला. अगदी सरळ. ना डावीकडे, ना उजवीकडे.

"कुवाबारा-सान," ते म्हणाले, "पुढच्या वेळी आधी माझ्याकडे या. सगळ्यांसमोर विचारलंत तर मला नाहीच म्हणावं लागतं. एकट्याला विचारलंत तर निदान विचार तरी करता येतो. पळा आता!"

बाराला पाच कमी असताना अध्यक्षांचा शिक्का पडला. ते एवढंच म्हणाले, "बाटली जूनमध्ये."

जिन्यात तिने कोहेईला अडवलं. "मला आधी का नाही सांगितलंत?"

"झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करतात. हळूहळू, गाजावाजा न करता. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही कुदळ घेऊन आला असता."

ती हसली. मग थांबली. "तो शिक्का... कागदासाठी वाकवलात, की..."

"दोन्हींसाठी," तो पायरीकडे बघत म्हणाला. "घाई नाही. माती मोकळी होऊ दे..."

आणि सगळ्यांसमोर सरळ बोलणारी चिनात्सु दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत निघून गेली.

बर्फ वितळलं. कोहेई दुकानोदुकानी जाऊन वाकत राहिला. कधी कुणी चहा दिला, कधी कुणी दारातूनच परत पाठवलं. गावी आला की तो फाटकाशी डाव्या बाजूला थांबायचा, पण विचारायचा काहीच नाही. ती रोज उत्तर मनात घोळवायची, आणि त्याला बघताच हवेबद्दल काहीतरी बोलून आत पळायची.

मे महिन्यात भातखाचरांत पाणी भरलं, आणि नव्या झाकणाची चाचणी ठरली. आता कोहारु पहिलीत होती. तिने झाकण उघडलं, मिटलं, दहा वेळा.

"हात दाखव," चिनात्सु म्हणाली.

कोहारुने दोन्ही तळवे पुढे केले. गुलाबी, स्वच्छ. "नाही दुखलं. पण पट्टा टोचतो!"

होशीसाहेब खदखदून हसले. "लिहून घ्या! पट्टा टोचतो म्हणे!"

सगळे पट्टा बघायला वळले. मेजावर चाचणीचा कागद पडला होता आणि शेजारी कोहेईचा शिक्का. कोहारुने तो उचलला आणि एका चौकोनात दाबला. उजवीकडे झुकवून.

"अगं, असा नाही..." कोहेई पुढे झाला.

"मामा, तूच सांगितलंस ना, शिक्का वाकला की नमस्कार होतो?" तिने चिनात्सुपुढे हात पसरला. "आता तुमचा."

चिनात्सुने कोहेईकडे पाहिलं. पुढे केलेला हात त्याने हळूच मागे घेतला. तिने खिशातून शिक्का काढला, कोहारुच्या मुठीत ठेवला, आणि ती चिमुकली मूठ आपल्या हातात धरून हलकेच डावीकडे कलती केली. त्याच्याकडे.

उजवीकडच्या शेजारच्या चौकोनात शिक्का उमटला. दोन्ही गोल एकमेकांकडे वाकले होते, डोक्याला डोकं लागेल इतके.

कोहारुने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग गाल फुगवले, आणि बोटाला लागल्यावर घालतात तशी, त्या ओल्या लाल शाईवर हळूच फुंकर घातली.