पिवळा दिवा विझेपर्यंत

त्या शनिवारी सकाळी मी एका अनोळखी माणसाला धुरात गडप केलं.

ऑक्टोबर होता. पहाटे भुरभुर पाऊस पडून गेला होता. अंगणातली चेस्टनटची ओली पानं एका नीटस ढिगात गोळा झाली होती, आणि तो माणूस झाडू टेकवून आपल्याच कामाकडे समाधानाने बघत उभा होता. मी मागे पाहिलंच नाही. किल्ली फिरवली. पपांची गाडी एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली, करडा लोट सोडला आणि बंद पडली.

लोट विरला तरी तो तिथेच होता. केसांत एक पान अडकलेलं.

"तुम्ही मिनिटभर थांबला नाहीत," तो म्हणाला.

"माफ करा... कुठलं मिनिट?"

"डिझेलसाहेबांचं." तो खिडकीपाशी येऊन वाकला. "किल्ली अर्धी फिरवायची. पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत, ज्याने हे इंजिन शोधलं त्याच्या स्मरणार्थ मौन पाळायचं. मगच सुरू करायची. तुमच्या वडिलांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं."

मला ते माहीत होतं. त्या मौनात तर मी लहानाची मोठी झाले. मागच्या सीटवर बसून मी दिव्याकडे टक लावायचे, आणि आईचं रागावणंसुद्धा त्या मिनिटापुरतं थांबायचं. पण हॅम्बुर्गला गाडीशिवाय अकरा वर्षं काढली, आणि विसरून गेले.

"तुम्ही मला ओळखता?"

"टाबेया. हॅम्बुर्गला ग्रंथालयात. काकडी आवडत नाही."

"काकडीचं कशाला सांगितलं त्यांनी?"

"बागेतल्या काकड्या मला द्यायला काहीतरी कारण नको का?" तो हसला. "मी लोरेन्झ. तळमजल्यावर राहतो. ऑगस्टमध्ये त्यांच्या दफनाला आलो होतो, पण तुम्ही... कुणाकडे बघत नव्हतात."

मी किल्ली अर्धी फिरवली. पिवळा दिवा लागला. तो खिडकीशी तसाच वाकून राहिला, मी स्टिअरिंगवर हात ठेवून. दोघंही गप्प. दिवा विझला. मी किल्ली पूर्ण फिरवली आणि गाडी असं काही घुरघुरू लागली, जणू मधले चार महिने झालेच नव्हते.

माझ्याहून ती नऊ वर्षांनी मोठी. गडद हिरवी, डिझेलवर चालणारी मर्सेडीज. कारखान्यातल्या लोकांना सवलतीत मिळायची, तशी पपांनी घेतलेली. जन्मल्यावर दवाखान्यातून मला घरी आणलं ते हिच्यातूनच. आमच्या झिंडेलफिंगेनमध्ये कुणी कारखाना म्हणत नाही, 'डाइमलर' म्हणतात. पपांनी डाइमलरमध्ये अडतीस वर्षं गाड्यांना दारं बसवली. दार आणि चौकट यांच्यातल्या फटीवरून ते बोट फिरवायचे, मग दार लावून ऐकायचे. आवाज बारीक असला, तर पुन्हा उघडायचे. जड, मऊ, एकच असा आवाज यायला हवा. तो आला की म्हणायचे, "चालेल."

त्यापलीकडे कौतुक त्यांनी कधी केलं नाही. आईच्या केकला 'चालेल'. मी परीक्षेत पहिली आले, 'चालेल'. शेवटच्या भेटीत मी त्यांची उशी सारखी केली, तेव्हाही तेच.

"नीट चालतेय," मी म्हणाले. "एवढंच बघायचं होतं. पुढच्या शनिवारी जुन्या गाड्यांचा एक व्यापारी येणार आहे."

लोरेन्झने झाडूच्या दांड्यावरची नसलेली माती पुसली. "विकताय?"

"हॅम्बुर्गला ठेवायला जागा नाही. इथलं घरही महिनाअखेर सोडायचंय."

"हो... बरोबर आहे." मग जरा थांबून, "पण चार महिने उभी आहे ती. त्याच्या ताब्यात द्यायच्या आधी एकदा लांब फिरवून आणा."

"हा कुणाचा सल्ला?"

"औषधवाल्याचा. बाजारातल्या औषधांच्या दुकानात असतो मी."

"मग तुम्हाला गाडीतलं काय कळतं?"

"अहो, जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणजे औषधांचं दुकान होतं! विस्लोखचं. तुम्हा डाइमलरवाल्यांच्या आधीपासून आम्ही या धंद्यात आहोत."

मी हसले. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच, हे मला हसल्यावर कळलं.

रविवारी आम्ही विस्लोखला निघालो. येताना त्याने कागदात गुंडाळलेले लोणी लावलेले ब्रेत्सेल, पिळाचे खारे पाव, आणले होते. तो माझ्या शेजारी बसला आणि दोन बोटांनी दार ओढलं. जड, मऊ, एकच आवाज.

"सांगा आता," मी हमरस्त्याला लागल्यावर म्हणाले, "औषधवाले या धंद्यात कसे?"

"तुम्हाला माहीत असणार."

"माहीत आहे. तुम्ही कसं सांगता ते बघायचंय."

"परीक्षा आहे तर!" तो सावरून बसला. "अठराशे अठ्ठ्याऐंशी. मानहाइमचे बेन्झसाहेब. तीन चाकांची गाडी बनवून बसलेत, पण ती लांब न्यायचं धाडस नाही. तेव्हा एके सकाळी बायको उठली, दोन मुलं घेतली, नवऱ्याला न विचारता गाडी बाहेर काढली आणि निघाली माहेरी. फोर्झहाइमला. वाटेत इंधन संपलं, तेव्हा विस्लोखच्या औषधवाल्याकडे गेली. त्याच्याकडे डाग काढायचं द्रव होतं, ते ओतलं टाकीत. नळी तुंबली, तर टोपीची पिन घालून साफ केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. आणि पोचली!"

"चालेल," मी म्हणाले.

त्याने एकदम माझ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"आता माझी पाळी," मी घाईने म्हणाले. "मर्सेडीज हे नाव कुणाचं?"

"व्यापाऱ्याच्या मुलीचं. त्याने गाड्या मागवल्या आणि अट घातली, नाव माझ्या लेकीचं द्या."

"दहा-अकरा वर्षांची होती ती. पपांना ही गोष्ट भारी आवडायची. माझं नाव मर्सेडीज ठेवायचं म्हणत होते. आई म्हणाली, कळा मी सोसल्यात, डाइमलरने नाही."

तो इतका हसला की ब्रेत्सेलवरचं मीठ सगळ्या सीटवर सांडलं. मग गंभीर होऊन एकेक कण वेचू लागला.

"राहू द्या," मी म्हणाले.

"नको. तुमचे पपा बघत असतील."

पाऊस भुरभुरत होता. काचेवरचे वायपर सावकाश इकडून तिकडे जात होते. चढ आला की मागच्या गाड्या रांग लावायच्या, आमची हिरवी म्हातारी तिच्या चालीने वर जायची, कुणाला भीक न घालता. लोरेन्झ म्हणाला, डाइमलर आणि बेन्झ, शंभरेक किलोमीटरवर दोन माणसं एकाच वेळी एकच स्वप्न बघत होती, पण म्हणतात की ती आयुष्यात एकमेकांशी बोललीसुद्धा नाहीत. त्यांच्या कंपन्या एक झाल्या त्या पुढे कितीतरी वर्षांनी.

"वाया गेली की नाही इतकी वर्षं?" तो समोर बघत म्हणाला. "नुसतं बोलायचं तर होतं..."

मी गिअर बदलला. त्याची खरं तर काही गरज नव्हती.

विस्लोखला कॉफी पिऊन गाडीपाशी परतलो, तेव्हा लोरेन्झ बाजूला उभा राहून पाठीवरची पिशवी काढत होता. मी त्याच्यासाठी उघडलेलं दार उगाचच ढकलून लावलं. ते आपटलं आणि उसळून परत आलं.

"हे दार कित्येक वर्षं धड नाही," मी म्हणाले. "पपांना मी चिडवायचे. जन्मभर लोकांची दारं बसवलीत, आणि स्वतःच्या गाडीचं..."

"ते काय म्हणायचे?"

"हळू लाव."

लोरेन्झने पिशवी खाली ठेवली. "त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"काय?"

"ते तुमच्या आईंसाठी बसवलंय. त्यांची बोटं आखडायला लागली होती ना? जोर लावता येत नव्हता. म्हणून पपांनी सगळं उघडून, फिरून बसवलं. दोन बोटांनी लागेल इतकं हलकं. जोरात लावलं की उसळतं." त्याने दार उघडलं आणि दोन बोटांनी लावून दाखवलं. "मला म्हणाले होते, कारखान्यात हे पास झालं नसतं."

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यानंतरही मी त्या दारावर हसत होते, आणि पपा फक्त 'हळू लाव' म्हणत होते. मी गाडीला वळसा घालून माझ्या जागेवर जाऊन बसले. किल्ली अर्धी फिरवली. पुढे बघत राहिले. दिवा केव्हाच विझला होता. लोरेन्झने तसं सांगितलं नाही.

आठवडा खोकी भरण्यात गेला. गुरुवारी दुसऱ्या मजल्यावरच्या क्लोप्फरबाई जिन्यात भेटल्या. आमच्या दारावर लाकडी पाटी टांगलेली होती. ज्याच्या दारावर पाटी, त्याच्याकडे शनिवारपासून आठवडाभर जिन्याची आणि अंगणाची झाडलोट. आमच्या गावात माणूस एक वेळ चर्च चुकवेल, ही पाळी नाही.

"पाटी तुमच्याकडे आहे हो," बाई म्हणाल्या. "पण तुझे पपा म्हणजे पपा! उन्हाळाभर एवढे आजारी, तरी एक पाळी चुकली नाही. सकाळी उठून बघावं तर जिना आरशासारखा."

"उन्हाळ्यात?" मी म्हणाले. "उन्हाळ्यात ते इस्पितळात होते, क्लोप्फरबाई. जूनपासून."

बाईंनी जिन्यावरून खाली तळमजल्याच्या दाराकडे पाहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "आणि मी त्या पोराला दर शनिवारी ऐकवते, कोपरे नीट काढत जा, जरा शिका त्या वरच्या आजोबांकडून!"

मी खाली जाऊन दार वाजवलं.

"शनिवारी पाटी माझ्याकडे होती," मी म्हणाले. "अंगण तुम्ही का झाडत होता?"

तो दुकानाच्या पांढऱ्या कोटात होता, हातात अर्धं सफरचंद. "सवयीने."

"जूनपासूनची?"

"क्लोप्फरबाई पाटीवरून बोलतात हो," तो पुटपुटला. "त्यांना पपांबद्दल काही बोलायला मिळू नये, एवढंच. जुलैत चार दिवस घरी आले होते ना ते? एकेक पायरी थांबत चढले. कठड्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं, आणि म्हणाले..."

"चालेल."

"महिनाभर हवेत होतो मी," लोरेन्झ म्हणाला.

मला पुष्कळ बोलायचं होतं. पण आम्ही दोघंही सफरचंदाकडे बघत राहिलो. मग त्याला दुकानात जायला उशीर झाला.

शनिवारी व्यापारी वेळेवर आला. माणूस सभ्य होता आणि जाणकार. बॉनेटवरच्या ताऱ्याला हलकेच हात लावून म्हणाला, जमीन, पाणी, आकाश, तीन टोकं, आम्ही पोरं शाळेत हाच वहीवर काढायचो. खाली वाकून गंज शोधला, सापडला नाही. इंजिन ऐकताना त्याने डोळे मिटले, त्यावरून मला तो आवडलाही. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लोरेन्झ पानं झाडत होता. एकाच जागची, मघापासून.

मग व्यापाऱ्याने उजवं, शेजारच्या सीटचं दार लावलं. ते उसळलं.

"हं," तो म्हणाला. "हे कुणीतरी हाताळलंय. काळजी करू नका, आमचा माणूस मूळ मापावर आणेल. अर्ध्या तासाचं काम."

त्याने वहीत काहीतरी लिहिलं.

"नाही," मी म्हणाले.

"भावात काही फरक पडणार नाही त्याने."

"भावाचं नाही. गाडी विकायची नाहीये. तुमची खेप फुकट गेली, मला माफ करा. पण ते दार... बरोबर बसलंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मग दोन बोटांनी ते हळूच लावून बघितलं. ऐकलं. वही मिटली. "अच्छा," तो म्हणाला. "वडिलांची ना?" आणि हात मिळवून गेला.

झाडण्याचा आवाज थांबला होता.

"आता ठेवणार कुठे?" लोरेन्झने तिथूनच विचारलं. माझ्याकडे न बघता.

"तेच कळत नाहीये."

"माझं गॅरेज रिकामं आहे. मला गाडीच नाही." तो दोन पावलं पुढे आला. "पण मधून मधून फिरवावी लागेल. नाहीतर बॅटरी बसते."

"महिन्यातून एकदा येईन."

"गाडी फिरवायला?"

"गाडी फिरवायला."

"अच्छा," तो म्हणाला. त्याने झाडू या हातातून त्या हातात घेतला. "मी आपलं... विचारलं."

"पंधरा दिवसांनी आले तर?"

"तर इंजिनला फार चांगलं." त्याने अगदी दुकानातल्या आवाजात सांगितलं, पण झाडू त्याच्या हातून निसटून त्याच्याच ढिगात पडला.

"बस आत," मी म्हणाले. तुम्हीचं तू झालं, ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. दोघांनीही ते तसंच राहू दिलं.

तो माझ्या शेजारी बसला. दोन बोटांनी दार ओढलं. मी किल्ली अर्धी फिरवली, पिवळा दिवा लागला. काचेवर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. दुसऱ्या मजल्यावर एक पडदा हलला.

"टाबेया," तो दिव्याकडे बघत म्हणाला. "मौन मोडतोय, माहीत आहे मला. पण... हे दार, हा जिना, हे सगळं ठीक. माझं काय? मी..."

त्याच्या कोटाच्या बाहीला एक ओलं पान चिकटलं होतं. मी ते काढलं, आणि हात तिथेच राहू दिला.

दिवा विझला.

"चालेल," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. या शब्दाचं मोल जाणणारं आता एवढंच एक माणूस उरलं होतं. तो हसला नाही. माझा हात त्याने दोन्ही हातांत घेतला, अगदी हळू, काही उसळू नये इतका... आणि किल्ली फिरवायची घाई आम्हा दोघांनाही नव्हती.