खोली नऊची हाक

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. जिच्याबाबतीत हे घडलं ती माझी मामेबहीण. वेब ॲप बनवते. मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. ऑफिसचा तिसरा मजला.

तिचं ॲप एका वृद्धाश्रमात चालायचं. प्रत्येक खोलीत एक टॅब. त्यावरचं पान दर दहा सेकंदांनी सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवायचं: मी इथे आहे. सर्व्हर उत्तर द्यायचा: मिळालं. रिक्वेस्ट थांबली, की नर्सकडे घंटा.

खोली नऊमध्ये तिची मावशी होती. आईमागे तिला वाढवणारी.

मावशीला जाऊन तीन आठवडे झाले होते. टॅब बहिणीनं स्वतः बंद करून, नऊची घंटाही थांबवून, ऑफिसातल्या आपल्या टेबलाच्या खणात ठेवला होता.

आणि त्या दुपारी स्क्रीनवर...

खोली नऊ. मी इथे आहे.

दहा सेकंद.

खोली नऊ. मी इथे आहे.

"टॅब चालूच राहिला असेल," शेजारी बसणारा, ज्याला सगळे 'दाढी' म्हणत, तो हसला. "पान मिटल्यावर दहा सेकंद मोजणारा टायमर थांबवायचा असतो. आम्हाला शिकवता, आणि दिव्याखाली अंधार, बाईसाहेब!"

कोडमध्ये ती चूक खरंच होती. तिचा जीव भांड्यात पडला.

मग तिनं खण उघडला.

टॅब काळा. थंडगार.

दाढीचं हसू मावळलं.

दुसऱ्या दिवशी नऊमध्ये नव्या आजी येणार होत्या. सर्व्हरवरची खोली नऊची जुनी नोंद काढून टाकणं भागच होतं. तिनं ती काढली. सर्व्हर आता उत्तर देऊ लागला: सापडत नाही.

पाच सेकंदांनी रिक्वेस्ट.

मग दोन.

मग... मोजता येईना. सर्व्हर त्यातच गुंतला. बाकीच्या खोल्यांच्या रिक्वेस्ट अडकल्या.

फोन वाजला. पलीकडे नर्स.

"ताई, सगळ्या खोल्यांच्या घंटा वाजतायत! खरंच कोणाला काही झालं असेल, तर कळणार कसं? कुठेकुठे धावू मी?"

बहिणीला लहानपण आठवलं. ओ दिली नाही, की मावशी हाकांचा सपाटा लावायची. "ओ द्यावी गं. जिवाला घोर लागतो."

तिनं नोंद परत घातली.

मिळालं.

घंटा थांबल्या.

दहा सेकंद... खोली नऊ. मी इथे आहे.

नव्या आजींची खोली ॲपमध्ये 'नऊ ब' आहे. बहिणीला दोनदा चांगली नोकरी चालून आली. ती गेली नाही.

"मी गेले, तर तिला ओ कोण देणार?"

"पण ती मावशीच आहे, हे कशावरून?" मी विचारलं.

ती स्क्रीनकडे बघत दहापर्यंत मोजत राहिली.